शाळेनं काय धरून ठेवलं होतं? सुट्टीत मिटून गेलेल्या एका मुलाचं प्रकरण

मी मुलांसाठी समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण एका अकरा वर्षांच्या मुलाचं आहे. त्याच्या आईवडिलांची आणि त्याची स्वतःची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्याला खोटं नावही दिलेलं नाही. 'मुलगा' एवढं पुरेल.

सात आठवड्यांची सुट्टी होती आणि आई त्याला घेऊन आली तेव्हा तिसरा आठवडा चालू होता. सुट्टीत मुलांना कशात गुंतवावं, याच्या सूचना आजकाल सगळीकडे मिळतात. या घरानं त्यातल्या बहुतेक करून पाहिल्या होत्या. पोहण्याचा वर्ग लावला, तो दोन दिवसांत सुटला. चित्रकलेच्या शिबिरात पहिल्याच दिवशी त्याच्या पोटात इतकं दुखलं, की आईला कामावरून त्याला आणायला जावं लागलं. नवी पुस्तकं आणली, ती कव्हरातच राहिली. रात्री दोन वाजता झोपायचं, सकाळी अकराला उठायचं, कोणी काही विचारलं की अंगावर धावून जायचं, असा दिवस चालला होता. पाच वर्षांच्या बहिणीला त्यानं एकदा जोरात ढकललं, ती दारावर आपटली. त्या दिवशी वडील म्हणाले, आता पुरे, कोणाला तरी दाखवू.

पहिल्या भेटीत वडिलांचं म्हणणं स्पष्ट होतं. "शाळा असते तेव्हा हा शहाण्यासारखा वागतो. सुट्टी लागली की आळशी होतो. फोन काढून घेतला की सगळं ठीक होईल." आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "याला काहीतरी झालंय. पण सांगत नाही."

मुलगा खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी त्याच्याशी एकटीनं बोलले.

अशा वेळी काही गोष्टी आधी तपासाव्या लागतात. पोटदुखीसाठी ते बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले होते आणि तपासणीत काही निघालं नव्हतं. म्हणजे दुखणं खोटं होतं असं नाही. मनावर ताण असलेल्या मुलांचं पोट खरोखरच दुखतं, आणि "नाटकं करतोस" हे वाक्य अशा मुलाला एकटं पाडतं. दुसरं, मी त्याला सरळ विचारलं, की मरून जावंसं किंवा स्वतःला दुखवावंसं वाटतं का. असं विचारल्यानं मुलांच्या डोक्यात नको तो विचार शिरेल, अशी भीती अनेक पालकांना वाटते आणि ती समजण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या सहा शाळांमधल्या २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. असे प्रश्न विचारल्यामुळे मुलांचा त्रास किंवा तसे विचार वाढत नाहीत, असं त्यात दिसलं. मुलानं जरा विचार केला आणि म्हणाला, "नाही. पण झोपावंसं वाटतं. झोपलं की दिवस संपतो."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. आळशी मूल असं बोलत नाही.

रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली पंचवीस प्रश्नांची एक चाचणी आम्ही वापरतो, एसडीक्यू म्हणतात तिला. पालक, शिक्षक आणि अकरा वर्षांपुढचं मूल स्वतः, अशा तिघांकडून ती भरून घेता येते. आईच्या आणि मुलाच्या उत्तरांत भावनिक त्रासाचे गुण वाढलेले होते. वडिलांच्या उत्तरांत फक्त वागणुकीच्या तक्रारी होत्या. शिक्षकांचा कागद कोराच राहिला, कारण शाळा बंद. एरवी या वयाच्या मुलाकडे रोज पाच-सहा मोठी माणसं बघत असतात. सुट्टीत ते डोळे एकदम मिटतात.

मोठ्यांचं नैराश्य उदास दिसतं, मुलांचं अनेकदा चिडकं दिसतं. निदानाच्या नियमावल्यांमध्येही मुलांच्या बाबतीत चिडचिडेपणा हे लक्षण उदासीच्या बरोबरीनं धरलं जातं. म्हणून मी पालकांशी आधीच ठरवून घेतलं: दोन आठवड्यांत फरक पडला नाही, खाणं कमी झालं किंवा मरणाचा विषय निघाला, तर आपण बालमनोविकारतज्ज्ञांकडे जायचं, तेही न लाजता. ते ठरल्यावर आईच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. पुढचा रस्ता कोणीतरी बघून ठेवलाय, एवढ्यानंही पालकांना धीर येतो.

आणि मग मी चुकले.

मुलांच्या सुट्टीबद्दलच्या संशोधनात एक विचार बराच मांडला जातो. कीथ ब्राझेंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तो नेमकेपणानं लिहिला: ज्या दिवसांना शाळेसारखी चौकट असते, त्या दिवशी मुलांची झोप, खाणं, हालचाल आणि पडद्यासमोरचा वेळ जास्त ताळ्यावर असतो. चौकट सुटली की हे सगळं घसरतं. मला हे पटतं. मी त्यावरून थेट उडी मारली. आईवडिलांना बसवून तासातासाचं वेळापत्रक केलं. आठला उठणं, साडेआठला व्यायाम, नऊला वाचन, असं रात्री साडेनऊपर्यंत. मुलगा शेजारी बसून माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत होता. तिसऱ्या दिवशी तो कागद पलंगाखाली सापडला आणि घरात पुन्हा भांडण झालं.

शाळेची चौकट आणि मी केलेली चौकट यांत काय फरक होता, हे मला आधीच दिसायला हवं होतं. शाळेत नऊ वाजता कोणीतरी वर्गात येतं आणि तुमची जागा रिकामी असेल तर विचारतं. माझ्या कागदावर नऊ वाजता कोणीच येणार नव्हतं.

दुसऱ्या भेटीत मी त्याची माफी मागितली. "मागच्या वेळी मी तुला काहीच न विचारता सगळं ठरवलं. चुकलं माझं." त्यानं पहिल्यांदा नीट वर बघितलं. मी एक लांब कागद पसरला आणि म्हटलं, "मला तुझी शाळा माहीत नाही. एक दिवस काढून दाखव. सकाळपासून घरी येईपर्यंत."

त्यानं चाळीस मिनिटं चित्र काढलं. या प्रकरणात मला जे काही कळलं, ते बहुतेक त्या कागदावरून.

शिकवण्याच्या तासांना त्यानं जवळजवळ जागाच दिली नव्हती, नुसते चौकोन आणि त्यांत "तास". बस मात्र मोठी होती. उजवीकडची तिसरी खिडकी, तिथे दोन डोकी. छोट्या सुट्टीत ग्रंथालय. तिथल्या मॅडम परत आलेली पुस्तकं त्याच्याकडून क्रमांकानुसार लावून घ्यायच्या. "त्या माझी वाट बघतात," तो म्हणाला. मोठ्या सुट्टीत मैदान, पण मैदानाच्या मधे तो नव्हता. भिंतीच्या कडेनं दोन छोटी माणसं चालत होती. पुन्हा बस, पुन्हा तिसरी खिडकी, पुन्हा दोन डोकी.

"हा दुसरा कोण?"

मित्र. तीन वर्षांपासूनचा. आणि तो आता शाळेत येणार नव्हता. त्याच्या घरचे दुसऱ्या गावी राहायला गेले होते. शेवटच्या दिवशी दोघं नेहमीसारखे "भेटू" म्हणून उतरले. त्या वेळी मित्रालाही पक्कं माहीत नव्हतं. सुट्टीच्या आठव्या दिवशी त्याचा मेसेज आला, की आम्ही आता इथेच राहणार.

घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. शाळा चालू असती तर बाक रिकामा दिसला असता, शिक्षकांनी विचारलं असतं, वर्गानं निरोप दिला असता, दोन दिवस त्याच्या खांद्यावर हात पडले असते. सुट्टीत माणूस जातं आणि त्याची जागा कुठे रिकामी झालेली दिसत नाही. मुलाच्या संमतीनं मी हे आईला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मी विचारत होते, अभ्यासाचं टेन्शन आहे का, कोणी मारलं का. मित्राबद्दल विचारलंच नाही."

आता रात्रीची गोष्ट. नव्या घरी मित्रालाही कोणी ओळखीचं नव्हतं. त्याच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, मोठ्या भावाचा फोन रात्री अकरानंतर मोकळा व्हायचा. मग दोघं अकरा ते दोन एक ऑनलाइन गेम खेळायचे. बोलणं फारसं नव्हतंच, "इकडून ये", "मागे बघ" एवढंच. दोघांच्या चालण्यातही मैदानाच्या भिंतीकडेनं एवढंच बोलणं होत असणार. सुट्टीच्या दहाव्या दिवसापासून वडील रात्री दहाला इंटरनेट बंद करू लागले, आणि मुलगा आजीचा फोन गुपचूप घेऊ लागला. ते उघडकीस आलं तेव्हा घरात "चोरी" हा शब्द वापरला गेला. बहिणीला ढकलणं दुसऱ्याच दिवशीचं.

वडिलांनी काही वाईट हेतूनं केलं नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलानं रात्री दोनपर्यंत गेम खेळू नये, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्या पडद्यामागे कोण आहे, हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा. पडद्यासमोरचे तास मोजणं सोपं असतं म्हणून आपण तेवढेच मोजतो. त्या तासांत मूल एकटं होतं की कोणाबरोबर होतं, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

वडिलांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग त्यांनी जे केलं, ते मी सुचवलेलं नव्हतं. त्यांनी मित्राच्या वडिलांना फोन लावला. दोन बापांनी मिळून ठरवलं, की मुलांना रोज संध्याकाळी सहा ते सात फोन मिळेल. खेळा, बोला, काहीही करा, तो तास तुमचा. त्या एका फोननं माझ्या वेळापत्रकापेक्षा कितीतरी जास्त काम केलं.

झोपेचं मात्र समजून-उमजून करावं लागलं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ ची शिफारस आहे. हा मुलगा दोन ते अकरा, म्हणजे नऊ तास झोपत होता. त्याची झोप कमी नव्हती, सरकलेली होती. शरीरातलं घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. चार्ल्स झाइस्लर यांच्या गटानं १९९९ मध्ये प्रौढांमध्ये मोजलं तेव्हा ते सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास निघालं. त्यामुळे उशिरा सरकणं आपोआप होतं, मागे यायला मात्र मदत लागते. आम्ही झोपायच्या वेळेला हातच लावला नाही. "झोप आता" असं कोणाला सांगून झोप येत नाही. उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या तासानं अलीकडे घेतली आणि उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत त्याला उजेडात बाहेर न्यायचं ठरवलं. सकाळचा उजेड हे घड्याळ मागे ओढतो. पंधरा दिवसांनी तो आठच्या सुमाराला उठू लागला.

यातली एक गोष्ट मला आजीकडून कळली. तो अकराला उठायचा तेव्हा आईवडील कामावर गेलेले असायचे, बहीण पाळणाघरात आणि आजी आपलं आवरून पडलेली. म्हणजे तो रोज एका गप्प घरात जागा होत होता. आठला उठल्यावर घरात माणसं होती, गडबड होती, कोणीतरी "माझा चष्मा दिसला का?" म्हणून विचारत होतं.

राहिलं ग्रंथालय. मी त्याला विचारलं होतं, "सुट्टी लागल्यापासून तुला नावानं हाक मारून कोणी काम सांगितलं?" तो म्हणाला, "'फोन ठेव' सांगितलं." आईनं त्याला घरकामात घ्यायचा प्रयत्न केला होता, पण ते शिक्षेसारखं झालं होतं. मी आजीला विचारलं, तुमचं असं कुठलं काम अडलंय का, जे तुम्हाला एकटीला होत नाही? त्या लगेच म्हणाल्या, "फोटो." कपाटाच्या वरच्या खणात जुन्या फोटोंचे सात खोके होते. माणसं आजींना आठवत होती, पण बारीक अक्षर दिसत नव्हतं आणि लिहिताना हात थरथरायचा. हे काम खरोखर अडलेलं होतं. मुलांना बरं वाटावं म्हणून बनवलेलं काम त्यांना लगेच ओळखू येतं.

पहिले तीन दिवस तो कंटाळून बसला. मनाला उभारी येईल तेव्हा काम करू, अशी आपली समजूत असते. नैराश्यात हे उलटं चालतं: काम आधी, उभारी मागून. पीटर ल्युइन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीचा हाच पाया आहे. म्हणून आजींना सांगून ठेवलं होतं, की दिवसाला दहाच फोटो, पण रोज, आणि तो आला नाही तर हाक मारायची. चौथ्या दिवशी त्यानं स्वतःच क्रमांक घालायला सुरुवात केली. खोका एक, पाकीट तीन, फोटो बारा. ग्रंथालयाची पद्धत त्यानं घरात आणली होती.

या सगळ्याबाहेरचा बराच वेळ रिकामा होता आणि तो मी मुद्दाम रिकामा ठेवला. आईला ते जड गेलं. "तो नुसता बसलाय," असा तिचा दुपारी मेसेज यायचा. मी विचारायचे, कुठे बसलाय? आजीच्या खोलीत. काय करतोय? काही नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांनी १९५८ मध्ये लिहिलं होतं, की मूल एकटं राहायला शिकतं ते कोणाच्या तरी सोबतीत. जवळचं माणूस त्याच खोलीत असावं आणि त्यानं काही मागू नये. आजीच्या खोलीतलं ते नुसतं बसणं, सकाळी अकराच्या त्या गप्प घरातल्या एकटेपणापासून फार दूर होतं.

रोज झोपताना तो शून्य ते दहामध्ये दिवसाला गुण द्यायचा. पहिल्या आठवड्यात दोन, तीन, दोन. पाचव्या आठवड्यात पाच-सहा. एकदा मित्राच्या घरचा फोन बिघडला आणि चार दिवस बोलणं झालं नाही, तेव्हा गुण पुन्हा दोनवर आले. त्या चार दिवसांत वडिलांनी त्याला मित्राला पत्र लिहायला बसवलं. चारच ओळी झाल्या. शेवटची ओळ होती, "खिडकीजवळ आता कोण बसणार माहीत नाही."

बहिणीशी भांडणं कमी झाली, थांबली नाहीत. पालकांनी एक बदल केला, तो मला मोलाचा वाटतो. भांडण झाल्यावर "का केलंस?" हा प्रश्न बंद केला. त्या क्षणी मुलाला कारण माहीत नसतं, तो काहीतरी बनवून सांगतो आणि मग खोटं बोलल्याबद्दल पुन्हा ओरडा खातो. त्याऐवजी आधी दोघांना वेगळं करायचं, शांत झाल्यावर आपल्याला काय दिसलं ते सांगायचं: "तू चिडलेला दिसलास. मारलेलं चालणार नाही. चिडलेला चालेल."

शेवटच्या आठवड्यात पोटदुखी परत आली. हे अपेक्षित होतं. रिकामी खिडकी आता प्रत्यक्ष समोर येणार होती. आईनं वर्गशिक्षिकेशी आधीच बोलून ठेवलं. शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी कार्यालय चालू झालं, तेव्हा तो आणि वडील शाळेत जाऊन आले. रिकामा वर्ग, रिकामं मैदान, ग्रंथालयाचं बंद दार त्यानं बघून घेतलं. बसमध्ये कुठे बसायचं याचे तीन पर्याय आम्ही कागदावर लिहिले. पहिल्या दिवशी त्यानं तिन्ही सोडून ड्रायव्हरच्या मागची जागा घेतली.

सहा आठवड्यांनी तो भेटायला आला. दिवसांचे गुण सहा-सात, सोमवारी चार. सोमवारी सकाळी पोट अजून दुखतं, पण तो जातो. नवा मित्र झालेला नाही. एका मुलाबरोबर तो कधीकधी भिंतीकडेनं चालतो, त्याला तो "मित्र" म्हणत नाही. मी घाई केली नाही. संध्याकाळचा तास आता शनिवार-रविवारवर आला आहे. बालमनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ या वेळी आली नाही. आली असती तर तेही मी इथे तितक्याच मोकळेपणानं लिहिलं असतं.

पुढे दहा दिवसांची छोटी सुट्टी आली. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आवाजात काळजी नव्हती. मुलगा पुन्हा दहापर्यंत झोपला होता आणि उठल्यावर गप्प होता. पूर्वीची ती असती तर कुठल्यातरी वर्गाची चौकशी करत सुटली असती. या वेळी ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनं विचारलं, "शाळेतलं आज काय आठवतंय?"

तो म्हणाला, "सुट्टीआधी सगळ्यांनी पुस्तकं परत केली. ती तशीच पडली असतील. लावायला कोणी नाही."

मग तो आजीच्या खोलीत गेला. दोन खोके अजून बाकी होते.